घोणस चावलीच नव्हती

इस्लामपूर
सोमवार, ५ ऑगस्ट २०२४

आबा,

तीर्थरूप वगैरे लिहीत नाही. लिहिलं तर म्हणाल, काम निघालं तशी मान द्यायला लागली. काम आहेच, पण ते माझं नाही, यशराजचं आहे.

सकाळपासून तुमचा फोन लावते आहे. माझा नंबर दिसला की तुम्ही कापता. लॅबमधल्या मुलीच्या फोनवरून लावला, तर आवाज ओळखून कापलात. सहा वर्षांत माझा आवाज विसरला नाहीत, एवढं तरी कळलं. म्हणून हे पत्र केरबाच्या हाती देते आहे. केरबा आमचा सॅम्पल गोळा करणारा माणूस. मोटारसायकलला थंड डबा बांधून शिराळ्याकडच्या दवाखान्यांतलं रक्त माझ्याकडे आणतो आणि रिपोर्ट परत नेतो. आज त्याच्या डब्यातून यशराजचं रक्त आलं. माझा भाऊ दवाखान्यात आहे हे मला घरातल्या कुणी सांगितलं नाही, नळीवरच्या चिठ्ठीनं सांगितलं. यशराज नाथाजी, वय चोवीस, घोणस दंश, रक्त गोठण्याची तपासणी.

आधी मलाही घोणसच वाटली. पावसाळ्यात तिकडून येणाऱ्या नळ्यांत घोणशीच्या कमी नसतात. घोणस चावली की रक्त गोठायचं विसरतं. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, सुई टोचलेल्या जागेतून येत राहतं. यशराजचं रक्त मशीनला लावलं, तर ते गोठेचना. गोठायला जे द्रव्य लागतं ते जवळजवळ संपलेलं. इथपर्यंत तुमचं, तिथल्या डॉक्टरांचं आणि अख्ख्या गल्लीचं बरोबर आहे.

पण सोबत दुसरी नळी होती, पेशी मोजायची. विष अंगात गेलं की पांढऱ्या पेशी वाढतात. याच्या निम्म्यानं कमी झालेल्या. शिवाय अंगात रक्तच नाही. हिरड्यांतून थोडं आलं म्हणून एवढं रक्त कमी होत नाही, ते महिनाभर आटत आलेलं असतं. म्हणून काचपट्टीवर थेंब ओढला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. घोणशीच्या रक्तात पेशी आपल्या नेहमीच्याच असतात. इथे मोठमोठ्या, अर्धवट वाढलेल्या पेशी होत्या, आत जांभळ्या दाण्यांची दाटी. आणि त्यातल्या काहींत बारीक लालसर काड्या, एकीवर एक रचलेल्या, तोडणीवाल्यांनी बांधलेल्या उसाच्या मोळीसारख्या. अशी मोळी एकाच आजारात दिसते. याआधी मला ती सापडली तेव्हा आनंद झाला होता, कारण निदान पक्कं हाती लागलं की आमच्या धंद्यात आनंदच होतो. आज मी काच बदलून पुन्हा थेंब ओढला. पुन्हा तेच दिसलं, आणि मग मला उठून बाहेर जावं लागलं.

आबा, त्याला रक्ताचा कॅन्सर आहे. रक्त गोठत नाही ते विषानं नाही. या वाईट पेशी फुटतात आणि त्यांच्यातला माल रक्तात सांडतो, त्यानं. या कॅन्सरची जात सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत बरी आहे. वाईट अशी, की मेंदूत रक्त सांडलं तर माणूस बघता बघता जातो. बरी अशी, की यावर खास कॅप्सूल आहे, आणि ती वेळेत पोटात गेली तर दहातले आठ-नऊ जण पूर्ण बरे होतात. बरे म्हणजे अगदी बरे. लग्न करतात, ट्रॅक्टर चालवतात.

तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत की उसाचा पाला काढताना चावली. तो कुठे गेला होता ते मला माहीत आहे. पंचमी आली, नाग पकडायला बंदी असताना मंडळाची पोरं नाग शोधत बांधाबांधानं हिंडत होती, आणि गुन्हा दाखल होईल या भीतीनं तुम्ही पाल्याचं सांगितलंत. बांधावर कुणाला तरी घोणस दिसली, याचे पाय रक्ताळलेले दिसले, झालं. पाय हिंडताना उसाच्या पाल्यानं कापले होते, आबा. त्याला काहीही चावलेलं नाही.

आजच्या आज त्याला सांगलीला न्या. माझ्यावरचा राग नंतर काढा, मी कुठे पळून जात नाही.

राजी


इस्लामपूर
मंगळवार, ६ ऑगस्ट

आबा,

कालचं पत्र केरबानं परत आणलं, तसंच चिकटवलेलं. तुम्ही हातात घेतलंत, वरचं नाव वाचलंत, बाकड्यावर शेजारी ठेवलंत आणि तो निघताना परत दिलंत. मी त्याला म्हटलं, उद्या वाचून दाखव, तर म्हणतो, सुभेदारांपुढं आपलं तोंड उघडत नाही. चीनच्या सरहद्दीवर उभे राहिलेले तुम्ही, आणि पोरीच्या पाकिटाला भ्यालात.

तरीही लिहिते. दहा पाकिटं परत आली तरी अकरावं देईन. हट्ट कुणाकडून घेतला ते तुम्हाला माहीत आहे.

आज मी स्वतः आले होते. तुम्ही वॉर्डाच्या दाराशी बसला होतात. मला बघून उठलात, खिडकीकडे तोंड केलंत आणि मी आत जाऊन बाहेर येईपर्यंत तसेच उभे राहिलात. आत जाऊ दिलंत, अडवलं नाहीत, त्याबद्दल बरं वाटलं. तुमची टोपी मळली आहे. राहीआत्याला सांगा धुवायला.

डॉक्टर माझं बोलणं ऐकून घेतात. चांगला माणूस आहे. मी काचपट्टी सांगलीला आमच्या सरांकडे पाठवली होती, त्यांनीही तेच निदान केलं. माझ्या नावाचा कागद तुम्ही हातात धरणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून सरांना म्हटलं, रिपोर्ट तुमच्याच सहीनं द्या, माझं नाव कुठेही नको. तो रिपोर्ट दाखवून डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं की सांगलीला हलवा. तुम्ही विचारलंत, काच कुणी पाठवली? डॉक्टर खोटं बोलले नाहीत. तुम्ही म्हणालात, मग नको.

आणि वर काय, तर विष उतरायला लागलंय. सकाळी हिरड्यांचं रक्त थांबलं, तपासणीतही रक्त जरा गोठलं, ते तुम्ही साऱ्या वॉर्डाला सांगत होतात. आबा, त्याला काल दुसऱ्यांच्या रक्तातला पाणीदार भाग पिशव्यांनी चढवला आहे. उसनं द्रव्य आहे ते, दोन दिवसांत संपतं. सापाच्या इंजेक्शनचा त्यात काही वाटा नाही. ती सुधारणा बघून तुम्ही हसलात हे मला यशनं सांगितलं, आणि मला रडू आलं.

त्याच्या दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग आहेत. महिन्याभरापासून आहेत म्हणाला. जिना चढताना धाप लागायची. तुम्ही म्हणायचात, मोबाइल बघत जागतो, दुसरं काय होणार. मला बघून म्हणतो, "आक्का, रोज रगात काढत्यात, तुजा धंदा लय जोरात चाललाय बघ." मी त्याला सगळं सांगितलं. वय चोवीस आहे, त्याचं त्याला कळलं पाहिजे. तुझी तू सही कर आणि चल माझ्याबरोबर, असं म्हटलं. तर म्हणाला,

"तू गेलीस तवा आबा म्हैनाभर नीट जेवलं न्हवतं. आता म्या बी त्यांच्या शब्दाबाहेर गेलो तर त्यांचं कसं हुईल? त्यांनी हूं म्हणू दे. मग लगी जातो."

मला त्याचा राग आला. सुपारी फुटलेली सोयरीक मी मोडली, तुम्ही तुमच्या पलटणीतल्या मित्राला दिलेला शब्द मोडला, ते मी आजही मोडेन. त्यात मला काही चुकल्यासारखं वाटत नाही. पण त्याची फेड तो का करतो आहे? एक हूं, आबा. तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही ना, नका बोलू. त्याला हूं म्हणा.

राजी


इस्लामपूर
गुरुवार, ८ ऑगस्ट

आबा,

तुम्ही हूं म्हणालात हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. सांगलीच्या सरांनी स्वतः तुम्हाला फोन केला होता. मोठ्या डॉक्टरांपुढे तुम्ही सरळ उभे राहून 'जी साहेब' म्हणाला असाल. बरं झालं. कुणाचं का होईना ऐकलंत.

मग पुढचं कळलं. नेणार, पण शनिवारी. उद्या पंचमी. आपल्या घरात साप चावलेल्या माणसानं पंचमीची पूजा होईस्तोवर शिराळ्याची शीव ओलांडायची नाही, कोप अंगावर राहतो. राहीआत्यानं तुम्हाला आठवण करून दिली आणि तुम्हाला ते पटलं. उद्या चुलीवर तवा नाही, विळीवर भाजी नाही, रानात कुदळ नाही. पूजा करून तुम्ही पुरणाची दिंडं खाणार, आणि तो तिथे पडून राहणार. ज्याला साप चावलाच नाही त्याच्यावर कसला कोप?

आत्याशी मी फोनवर भांडले. ती रडायला लागली. म्हणाली, "तुजं शिक्शान खरं, न्हाई म्हणत न्हाई. पर माजा थोरला भाऊ साप चावल्याव शीव वलांडताना बैलगाडीतच ग्येला गं. म्या डोळ्यानं बघितलंय." तिचं भय खरं आहे आणि तिची रीत चुकीची आहे, आणि त्या दोन्हींच्या मध्ये माझा भाऊ सापडला आहे.

म्हणून मी आज सांगलीला जाऊन त्या कॅप्सूल घेऊन आले. सर म्हणाले की बाकीच्या तपासण्यांची वाट बघायची नाही, संशय आला की पहिली कॅप्सूल द्यायची. शिराळ्याचे डॉक्टर तयार झाले. शनिवारपर्यंत निदान एवढं तरी पोटात जाऊ दे म्हणून केरबाबरोबर डबी पाठवली. त्यानं येऊन सांगितलं ते असं. डॉक्टर कॅप्सूल द्यायला आले. तुम्ही विचारलंत, ही आली कुठनं. यशला खोटं येत नाही, म्हणाला, आक्कानं धाडली. तुम्ही चिडला नाहीत. डबी हातात घेतलीत आणि म्हणालात, "इंजेक्शन चालू हाय. इखावर दोन औशिदं एकदम चालत न्हाईत. सांगलीत गेल्याव बगू." आणि डबी खिशात घातलीत.

तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तुम्हाला वाटलं एक औषध दुसऱ्याला मारील. पण विचारायला माणूस तुमच्याच घरात जन्माला आला होता, आबा. माझ्या शिक्षणासाठी शेत विकताना तुम्ही मागेपुढे बघितलं नाहीत, मुलगी डॉक्टर झाली म्हणून पलटणीत पेढे वाटलेत. ते सगळं कशासाठी केलंत मग?

आज नागचतुर्थी. सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलेलं नाही. भावाचा उपास. आईच्या माघारी कधी केला नव्हता, आणि मला त्यातलं काही खरं वाटत नाही. तरी केला. का केला ते विचारू नका.

डबी तुमच्या उजव्या खिशात असेल. अजून द्या. मी हात जोडते, आणि तुम्हाला माहीत आहे, मी ते सहसा करत नाही.

राजी


शुक्रवार

आबा, यशचा फोन होता. डोकं लय दुखतंय म्हणाला आणि शब्द ओढत होता. हे मेंदूतलं आहे. डॉक्टरांना सांगितलं आहे, गाडी दाराशी लागते आहे. मी निघते, केरबा माझ्यापुढे पोचेल. पंचमी असू दे, शीव असू दे. त्याला उचला.


इस्लामपूर
रविवार, २५ ऑगस्ट

आबा,

हे पत्र मी केरबाकडे देणार नाही, टपालातही टाकणार नाही. तरी लिहिते, कारण काल तुम्ही जो प्रश्न विचारलात त्याचं खरं उत्तर एकदा कुठेतरी लिहून व्हायला हवं.

काल दुपारी तुम्ही लॅबमध्ये आलात. एस.टी.नं आलात, एकटे. पेशंटांच्या बाकड्यावर बसलात आणि नंबर लागेल म्हणून वाट बघत राहिलात. आमच्या मुलीनं येऊन सांगितलं की कुणी म्हातारे बसलेत, नाव सांगत नाहीत. मी बाहेर आले. तुम्ही टोपी काढून मांडीवर घेतलीत. यशच्या तेराव्याला मला बोलावणं नव्हतं, तरी मी तुम्हाला आत नेलं. मग तुम्ही म्हणालात, "मला दाव."

यशची काच मी जपून ठेवली आहे. मायक्रोस्कोपखाली लावून दिली. तुम्ही एक डोळा मिटून वाकलात, बंदुकीचा नेम धरावा तसे. या यंत्रावर दोन्ही डोळे उघडे ठेवतात, पण मी सांगितलं नाही. कितीतरी वेळ बघत होतात. ती काड्यांची मोळी मी टोकदार खुणेनं दाखवली. तुम्ही विचारलंत की ही त्याचीच का, आणि मी हो म्हणाले.

गावात सगळे म्हणतात की नागानं आपल्या दिवशी नेला. लोक पाया पडायला येतात म्हणे तुमच्या दारात. तुम्ही त्यांना काय सांगता ते मला ठाऊक नाही. पण काल तुम्ही काचेतून डोळा काढलात तेव्हा घोणशीचं नाव काढलं नाहीत.

त्या शुक्रवारी मी शिराळ्यात पोचले तेव्हा तुम्ही त्याला दोन्ही हातांवर उचलून पायऱ्या उतरत होतात. स्ट्रेचर मागून रिकामंच येत होतं. आत्या नको नको म्हणत मागे होती, तिच्याकडे तुम्ही बघितलंही नाहीत. गाडीत त्याचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. शीव कधी मागे पडली ते तुम्हाला कळलंही नसेल. आष्ट्याच्या अलीकडे त्याचं बोलणं बंद पडलं, आणि तुम्ही त्याच्या कानाशी सारखे म्हणत होतात, "जरा दम धर रं गड्या, आलंच सांगली." मी समोर बसून नाडी धरली होती. एका बाजूचं बुबुळ मोठं झालेलं मला दिसत होतं. तुम्हाला मी काही सांगितलं नाही. सांगलीत त्यांनी डोक्याचा फोटो काढला आणि मला एकटीला आत बोलावून दाखवला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काल निघताना तुम्ही दारात थांबलात आणि विचारलंत, "तुज्या कागदांत काय लिवलं हुतंस?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं तेच. तुम्ही म्हणालात, "अक्षर वळखलं. उघडायचा धीर न्हाई झाला, समदी तशीच माघारी धाडली." आणि मग खाली बघून विचारलंत, "सोमवारीच न्हेला आसता, तर?"

मला उत्तर येत होतं. तरी सांगलीच्या सरांना विचारून कळवते म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. "लिव. ह्या बारीला वाचीन," म्हणालात.

तर उत्तर असं. वाचला असता, आबा. सोमवारी नेला असता तर वाचला असता. मंगळवारी नेला असता तरीही, त्या दिवशी त्याचं रक्त गोठत होतं, माझ्याशी चेष्टा करत होता. गुरुवारी तुम्ही ती डबी खिशात घालण्याऐवजी त्याच्या हातावर ठेवली असती तरीही बरीच आशा होती. असे पेशंट बरे होऊन मला लग्नाच्या पत्रिका देऊन गेलेले आहेत. त्याला साप चावला नव्हता, त्याच्यावर कोप नव्हता, त्याला फक्त तुमचा हूं हवा होता आणि तो तुम्ही वेळेत दिला नाहीत. माझं नाव बघून दिला नाहीत. मी दुसऱ्या कुणाची मुलगी असते, नुसती इस्लामपूरची डॉक्टरीण असते, तर तुम्ही सोमवारीच गाडी केली असतीत. हे मला सहन होत नाही. रोज सकाळी केरबा डबा उघडतो आणि मी नळ्यांवरची नावं वाचते, तेव्हा मला तुमचा इतका राग येतो की हातातली नळी आपटावीशी वाटते. मी तुम्हाला कधी माफ करीन असं मला आज वाटत नाही.

आणि तुम्ही काल जाताना फाटकाची कडी दोन्ही हातांनी लावलीत, एका हातानं जमेना. रस्ता ओलांडायला उभे राहिलात तर गाड्या गेल्या तरी उभेच. शेवटी केरबानं हाताला धरून स्टँडवर नेलं.


इस्लामपूर
सोमवार, २६ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आबा यांना सादर नमस्कार.

विचारून कळवते म्हणाले होते, त्याप्रमाणे कळवत आहे. आज सांगलीच्या सरांशी सविस्तर बोलले. यशराजची काच, रक्ताचे सगळे रिपोर्ट आणि डोक्याचा फोटो त्यांनी पुन्हा पाहिला.

त्यांचं स्पष्ट मत आहे, आणि माझंही तेच आहे, की त्याचं रक्त माझ्याकडे आलं त्याच्या आधीच आजार फार पुढे गेला होता. मेंदूतली शीर आतून कमजोर झालेली होती. सोमवारी सांगलीला नेला असता, अगदी पुण्या-मुंबईला नेला असता, तरी हेच झालं असतं. मंगळवारी तब्येत सुधारल्यासारखी वाटली ती या आजारात वाटते, त्यावर कुणीही फसलं असतं. मीही फसले असते.

कॅप्सूलचं मनाला लावून घेऊ नका. ते औषध अंगात भिनायला काही आठवडे लागतात. एका दिवसात त्याचा काही उपयोग झाला नसता, आणि इंजेक्शन चालू असताना ते न देण्याचा तुमचा विचार चुकीचा नव्हता. पंचमीच्या पूजेनं काही बिघडलं नाही, हे राहीआत्यालाही सांगा. ती मनात धरून बसली असेल.

माझ्या आधीच्या पत्रांत काय होतं ते विचारलंत. त्यांत डॉक्टरांनी सांगितलं त्याहून वेगळं, रागाशिवाय काही नव्हतं. मी ती फाडून टाकली.

तुम्ही त्याला स्वतः उचलून गाडीत घातलंत, शेवटपर्यंत तुमच्या मांडीवर होता. त्याला तेवढंच हवं होतं. ब्लडप्रेशरची गोळी चुकवू नका. हातांची थरथर वाढली असेल तर केरबाबरोबर निरोप धाडा, मी येऊन बघीन. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येईन.

तुमच्या हातात काहीच नव्हतं, आबा. हे मी मुलगी म्हणून लिहीत नाही, डॉक्टर म्हणून लिहिते आहे, आणि त्यावर सही करते.

डॉ. राजेश्वरी नाथाजी
एम.डी., पॅथॉलॉजी